माहिती सांभाळणारं सॉफ्टवेअर निवडताना: शिरण्याआधी बाहेर पडून बघा

फोन नंबर, भेटीच्या तारखा, करायची कामं, पॉलिसीचे क्रमांक, औषधांची नावं, कुठेतरी वाचून टिपून ठेवलेल्या ओळी. हे सगळं एकदा नीट लावावं असं मनात येतं आणि माणूस ॲप शोधायला लागतो. मग तुलनेचे तक्ते उघडतात. सोयींची ही लांबलचक यादी, त्यातल्या बहुतेक आपण कधी वापरणारही नसतो. ज्या गोष्टीवर पुढची कितीतरी वर्षं अवलंबून असतात, ती मात्र त्या तक्त्यात क्वचितच सापडते: हे सॉफ्टवेअर उद्या सोडायचं झालं, तर माझी माहिती दुसऱ्या सॉफ्टवेअरला कळेल अशा रूपात बाहेर निघेल का?

सोडायची वेळ येतेच, असं धरून चाला. वंडरलिस्ट हे कामांच्या यादीचं लोकप्रिय ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि ६ मे २०२० ला बंद केलं. सनराइज नावाचं सुरेख कॅलेंडरही त्यांनी २०१५ मध्येच घेतलं, ते २०१६ मध्ये गेलं. एव्हरनोट बंद पडलं नाही, पण डिसेंबर २०२३ पासून त्याच्या फुकट खात्यावर ५० नोट्स आणि एकच नोटबुक अशी मर्यादा आली. ही तिन्ही वाईट सॉफ्टवेअरं नव्हती. त्यामुळे 'चांगलं बघून घेतलं की झालं' हा हिशोब इथे चालत नाही.

पायरी १: काय सापडत नाही, ते लिहून काढा

आठवडाभर एक कागद जवळ ठेवा. जेव्हा जेव्हा काही शोधावं लागेल तेव्हा दोन गोष्टी लिहा: काय शोधलं आणि शेवटी कुठे मिळालं. 'प्लंबरचा नंबर – जुन्या मेसेजमध्ये.' 'गाडीच्या विम्याची तारीख – कागदाचा काढलेला फोटो, गॅलरीत.' 'वायफायचा पासवर्ड – मिळाला नाही.'

बहुतेक लोक लिहायला छान वाटेल असं ॲप निवडतात. लिहिण्याचं फारसं काही अडत नाही हो, आपण कशावरही लिहितो. अडतं ते शोधताना. तुमच्या कागदावर नंबर आणि तारखाच जास्त असतील, तर भारी नोट्स ॲपची तुम्हाला गरजच नाही, फोनमधले कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर नीट वापरले तरी निम्मा त्रास जाईल. कागदांचे फोटो जास्त असतील, तर चित्रातली अक्षरं वाचून शोध घेणारं काहीतरी हवं. अर्धवट राहिलेली कामं जास्त असतील, तर तिसरंच काही.

पायरी २: माहितीचे चार प्रकार वेगळे करा

१९९६ साली आलेल्या पहिल्या पाम पायलट या खिशात मावणाऱ्या कंप्युटरवर खाली चार बटणं होती: तारखा, पत्ते, कामं, टिपणं. आजही ती विभागणी सोडून जावं असं काही मला सापडलेलं नाही, कारण या चार प्रकारांची जोखीम वेगवेगळी आहे.

कॉन्टॅक्ट्स आणि कॅलेंडर यांच्यासाठी सर्वमान्य नमुने ठरलेले आहेत. संपर्कांसाठी व्हीकार्ड, म्हणजे व्हीसीएफ फाइल. कॅलेंडरसाठी आयकॅलेंडर, म्हणजे आयसीएस फाइल. तिचा नमुना १९९८ मध्ये ठरला आणि २००९ मध्ये सुधारला. ही माहिती सर्व्हरवरून वेगवेगळ्या उपकरणांवर नेण्यासाठी कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह ही मानकं आहेत. आयफोन आणि मॅकमध्ये ती आधीपासूनच असतात. थंडरबर्ड या मेलच्या सॉफ्टवेअरला दोन्ही समजतात. अँड्रॉइडवर डॅव्हएक्स५ सारखं मदतनीस ॲप टाकावं लागतं. आउटलुकच्या जुन्या, विंडोजवरच्या आवृत्तीला ही मानकं थेट कळत नाहीत, तिथे वेगळं ॲड-ऑन लागतं. सांगायचा मुद्दा, या दोन प्रकारांत निवड थोडी चुकली तरी सुधारता येते.

कामांच्या यादीचं तसं नाही. आयकॅलेंडरच्या नमुन्यात कामांसाठीही जागा आहे, पण ती फार थोडे लोक वापरतात. गूगलचं कॅलेंडर कॅलडॅव्हवरून मिळतं, त्याच वाटेने कामांची यादी मात्र मिळत नाही. तरी कामं हा नाशवंत माल आहे, झालेलं काम कुणी जपून ठेवत नाही. यादी बदलायची झाली तर उरलेली कामं नव्या ठिकाणी हाताने टाइप करा, एका संध्याकाळचं काम.

सगळी जोखीम नोट्समध्ये साठलेली आहे. त्या वर्षानुवर्षं वाढतात, जुन्या झाल्या तरी लागतात, आणि त्यांच्यासाठी सर्वांनी मानलेला एकही नमुना नाही. मार्कडाउन ही साध्या मजकुरात खुणा करण्याची पद्धत २००४ पासून आहे आणि बरीच पसरली आहे, पण तक्ते, चित्रं आणि नोटांमधले आपसातले दुवे प्रत्येक जण आपापल्या परीने लिहितो. म्हणून वेळ घालवायचाच असेल तर तो नोट्सचं सॉफ्टवेअर निवडण्यात घालवा.

सगळं एकाच छताखाली देणाऱ्या सॉफ्टवेअरचं आकर्षण मला कळतं. लोटस या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक मिच केपॉर यांनी २००२ मध्ये चँडलर नावाचा असाच प्रकल्प जाहीर केला होता. मेल, कॅलेंडर, कामं, टिपणं सगळं एका जागी. पैसा होता, नामांकित माणसं होती, तरी १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, आणि ते काही रुजलं नाही. कंपनीच्या कामासाठी आउटलुक वापरणं वेगळं, तिथे ते ठरलेलंच असतं. स्वतःच्या माहितीसाठी दोन-तीन साधी सॉफ्टवेअरं एकत्र वापरावीत, असंच मी सुचवेन.

पायरी ३: न सोडायच्या अटी ठरवा, आणि त्या तीनच असू द्या

नेट नसताना चालायला हवं का? घरच्या कुणासोबत वाटून घ्यायचं आहे का? फोन आणि कंप्युटर वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत का? कंपनीला मजकूर वाचता येता कामा नये, अशी तुमची गरज आहे का? असे प्रश्न स्वतःला विचारून तीन अटी लिहा. सात-आठ अटी लिहिल्या तर एकही सॉफ्टवेअर टिकत नाही, आणि मग माणूस शेवटी दिसायला सुंदर असेल तेच उचलतो.

या अटींवर घासून दोन उमेदवार उरले पाहिजेत. चाळणीसाठी ढोबळ ओळख देतो. ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक नोट ही तुमच्या फोल्डरमधली साधी मार्कडाउन फाइल असते. सॉफ्टवेअर उद्या गायब झालं तरी फाइली कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात. जॉप्लिन मुक्त स्रोताचं आहे, नोट्स स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, पण मार्कडाउनमध्ये काढूनही देतं, आणि एव्हरनोटमधून बाहेर काढलेल्या एनेक्स फाइली आत घेतं. नोशन वाटून काम करायला उत्तम. त्यातलं पान मार्कडाउनमध्ये आणि तक्ते सीएसव्हीमध्ये, म्हणजे तक्त्याच्या साध्या मजकूर-फाइलीत, बाहेर येतात, मात्र पानांची एकमेकांत गुंतलेली रचना तशीच्या तशी दुसरीकडे उभी राहत नाही. वननोटमध्ये कागदासारखं कुठेही लिहिता येतं, पेनने लिहिणाऱ्यांना ते आवडतं; बाहेर पडताना मात्र पीडीएफ किंवा वर्डवर समाधान मानावं लागतं. गूगल कीप झटपट टिपायला बरं, आणि गूगल टेकआउटमधून त्यातला मजकूर एचटीएमएल आणि जेसन फाइलींत मिळतो.

पायरी ४: दोन्ही उमेदवारांना एकच परीक्षा द्या

लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. खरी माहिती टाकण्याआधी वीस-पंचवीस नमुन्याच्या नोंदी तयार करा आणि त्याच नोंदी दोन्हीकडे टाका. नमुने सोपे नकोत, मुद्दाम त्रास देणारे हवेत.

कॉन्टॅक्ट्समध्ये: देवनागरीत नाव असलेली व्यक्ती, तीन नंबर असलेली व्यक्ती, फोटो जोडलेली व्यक्ती, आणि जन्मदिवस माहीत पण वर्ष माहीत नाही अशी एक व्यक्ती. कॅलेंडरमध्ये: दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी येणारी भेट, तिच्यातली एकच भेट दुसऱ्या दिवशी ढकललेली, आणि एक दिवसभराचा कार्यक्रम. नोट्समध्ये: एक तक्ता, एक फोटो, एक पीडीएफ, दुसऱ्या नोटकडे जाणारा दुवा, टिकमार्कची यादी, आणि दोन-तीन पानांचा मराठी मजकूर.

आता सगळं एक्सपोर्ट करा आणि रिकाम्या खात्यात किंवा दुसऱ्या उमेदवारात इम्पोर्ट करून बघा. एक्सपोर्टचं बटण आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ढकललेली भेट मूळ दिवशी परत आली का? वर्ष नसलेल्या जन्मदिवसाला भलतंच वर्ष चिकटलं का? नोटेतला फोटो सोबत आला, की त्या जागी नुसतं फाइलचं नाव उरलं? नोट लिहिल्याची मूळ तारीख टिकली, की सगळ्या नोटांवर आजची तारीख पडली? ही शेवटची गोष्ट फार लोक तपासत नाहीत. पाचशे नोट्स एकाच तारखेच्या झाल्या, की 'मागच्या पावसाळ्यात काहीतरी लिहिलं होतं' या आठवणीचा शोधायला काही उपयोग उरत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी चार ठिकाणी डोळे उघडे ठेवावेत.

पहिलं, व्हीसीएफ फाइल. अनेक अँड्रॉइड फोन संपर्क बाहेर काढताना व्हीकार्डची २.१ ही जुनी आवृत्ती वापरतात. तिच्यात देवनागरी नाव थेट लिहिलेलं नसतं. फाइल साध्या एडिटरमध्ये उघडलीत तर नावाच्या जागी बरोबरचं चिन्ह, ई०, बरोबरचं चिन्ह, ए४ अशी माळ दिसेल. घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. देवनागरी अक्षरांचे बाइट तिथे आकड्यांत मांडलेले असतात. नवीन सॉफ्टवेअरने ती माळ वाचून पुन्हा नाव दाखवलं तर पास. माळच नाव म्हणून दाखवली तर नापास, किंवा मधे दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमधून फिरवून ३.० किंवा ४.० आवृत्ती काढून घ्या.

दुसरं, सीएसव्ही. एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की कधीकधी देवनागरीच्या जागी अगम्य चिन्हं येतात. फाइल तशीच सेव्ह करू नका, नाहीतर खरोखरच बिघडेल. एक्सेलच्या डेटा मेनूतून ती इम्पोर्ट करा आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ निवडा.

तिसरं, शोध. 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' अशा शब्दांतला तो अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ते वेगळे शब्द ठरू शकतात. फोनचा कीबोर्ड एका तऱ्हेने लिहितो आणि कंप्युटरचा दुसऱ्या, तर एकीकडे लिहिलेलं दुसरीकडे शोधून सापडणार नाही. दोन्ही उपकरणांवरून एकेक नोट लिहा आणि आलटून पालटून शोधा. मिनिटाचं काम आहे.

चौथं सॉफ्टवेअरच्या हातात नाही, तुमच्या हातात आहे. तुम्ही 'विमा' शोधता आणि नोटेत 'विम्याचे कागद कपाटात' असं लिहिलेलं असतं. विभक्ती लागली की शब्दाचं रूपच बदलतं, आणि अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या शोधाला ते कळत नाही. उपाय सोपा आहे: नोटेच्या शीर्षकात नाम मूळ रूपात टाका. 'विमा, गाडी, नूतनीकरण.' शीर्षक जरा रुक्ष दिसेल, पण नोट सापडेल. ढीगभर टॅग लावण्यापेक्षा या एका सवयीचा जास्त उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे.

जुन्या, यूनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तुमच्याकडे असेल तर तो आधी रूपांतर करून घ्या. फॉन्ट बदलला की तो मजकूर वाचता येत नाही, आणि शोधात तर तो कधीच येणार नाही.

पायरी ५: सिंकला मुद्दाम गोंधळात पाडा

सिंक म्हणजे सगळ्या उपकरणांवरची माहिती आपोआप सारखी ठेवणं. फोन आणि कंप्युटर दोन्हींचं नेट बंद करा. एकच नोट दोन्हीकडे वेगवेगळी बदला. नेट चालू करा. आता काय होतं? जॉप्लिन अशा वेळी भांडणातली प्रत 'कॉन्फ्लिक्ट्स' नावाच्या वेगळ्या नोटबुकमध्ये काढून ठेवतं. ड्रॉपबॉक्समध्ये फाइली ठेवल्या असतील तर तिथे त्याच नावाची, 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असा शेरा असलेली दुसरी फाइल दिसते. दोन्ही वागणुकी चांगल्या, कारण काही हरवलं नाही. एक बदल गुपचूप नाहीसा झाला आणि सॉफ्टवेअरने चकार शब्द काढला नाही, तर तो उमेदवार तिथेच बाद करा, बाकी कितीही गोड असो.

एक फोल्डर दोन-दोन सेवांकडून सिंक करू नका. त्यातून होणारा गोंधळ निस्तरायला कुठलंच सॉफ्टवेअर बांधलेलं नसतं.

पायरी ६: गुप्तता हवी असेल तर तिची किंमत समजून घ्या

'एन्क्रिप्टेड' या शब्दावर भुलू नका. सर्व्हरवर माहिती कुलूपबंद आहे आणि किल्ली कंपनीकडेच आहे, यालाही एन्क्रिप्टेडच म्हणतात. शोधायचा शब्द आहे 'एंड-टू-एंड', म्हणजे किल्ली फक्त तुमच्या उपकरणांवर. स्टँडर्ड नोट्समध्ये ही सोय मुळातच आहे, जॉप्लिनमध्ये ती तुम्ही चालू करायची असते, ऑब्सिडियनच्या सशुल्क सिंकमध्येही मिळते. नोशन आणि गूगल कीपमध्ये नाही.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. पासवर्ड विसरलात तर कंपनी काहीही करू शकत नाही, नोट्स गेल्या त्या गेल्या. ज्यांना पासवर्ड विसरायची खोड आहे त्यांच्यासाठी साध्या नोट्सना एंड-टू-एंड कुलूप लावणं हा चोरापेक्षा मोठा धोका ठरतो. पासवर्ड, पिन आणि बँकेचे तपशील मात्र कुठल्याच नोट्स ॲपमध्ये ठेवू नका. त्यासाठी बिटवॉर्डन किंवा कीपास यांच्यासारखं वेगळं सॉफ्टवेअर वापरा.

स्वतःचा सर्व्हर चालवायची हौस असणाऱ्यांना नेक्स्टक्लाउड माहीत असेलच. कॅलेंडर, संपर्क, कामं, फाइली, सगळं त्यात येतं. पण सर्व्हर अद्ययावत ठेवणं आणि त्याचा बॅकअप घेणं हे कायमचं काम अंगावर घेताय, हे ध्यानात असू द्या.

पायरी ७: पैशाचा प्रश्न

वर्गणी किती, हे सगळे पाहतात. वर्गणी थांबवली तर काय, हे पाहा. नोट्स वाचता येतात का, एक्सपोर्ट करता येतात का, की खातंच बंद होतं? अटींमध्ये हे लिहिलेलं असतं. सापडत नसेल तर ग्राहक सेवेला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पायरी ८: हलवाहलव, हळूहळू

निवड झाली की सगळं एका दिवसात हलवायचा मोह होतो. तसं करू नका.

आधी कॉन्टॅक्ट्स. हलवण्याआधी जुन्या ठिकाणीच दुबार नोंदी एकत्र करा, कारण इम्पोर्ट करताना त्या आणखी वाढू शकतात. मग कॅलेंडर: पुढच्या तारखा आणि दरवर्षी येणारे दिवस आणा, मागच्या भेटी आयसीएस फाइलमध्ये बाजूला ठेवून द्या. कामांमधली फक्त जिवंत कामं उचला.

नोट्समध्ये सगळ्यात जास्त कंजूषपणा करा. जुन्या सगळ्या नोटांचं एक एक्सपोर्ट काढा, त्याला तारखेचं नाव द्या आणि ते कंप्युटरवर ठेवा. नव्या सॉफ्टवेअरमध्ये आज लागणाऱ्या नोट्सच आणा. बाकीच्या जेव्हा लागतील तेव्हा, एकेक करून. बऱ्याच नोटांना पुन्हा बोलावणं येतच नाही. जुनं खातं निदान तीन महिने बंद करू नका, मात्र त्यात नवीन काही लिहू नका. दोन्हीकडे लिहायला लागलात की कुठली नोंद ताजी हे कळेनासं होतं.

आणि बॅकअप. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर चुकून नोट पुसली, तर सिंक ती कंप्युटरवरूनही इमानेइतबारे पुसतं. महिन्यातून एकदा संपूर्ण एक्सपोर्ट काढून सिंकच्या बाहेरच्या जागी ठेवा, एक प्रत वेगळ्या डिस्कवर. कॅलेंडरमध्येच त्याची आठवण लावून टाका. वर्षातून एकदा त्यातली एक फाइल खरोखर उघडूनही पाहा. न उघडलेल्या बॅकअपचा भरवसा धरू नये.

शेवटचं एक काम राहतं, ते बहुतेक जण टाळतात. तुम्ही आजारी पडलात किंवा त्याहून वाईट काही झालं, तर ही माहिती घरच्यांना मिळणार कशी? गूगलच्या खात्यात 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही, तर तुम्ही नेमलेल्या माणसाला ठरवलेला डेटा मिळतो. ॲपलमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे, त्याला दिलेली ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतात. साध्या फाइलींच्या फोल्डरसाठी अशी कुठलीच सोय नसते, तिथे कंप्युटरचा पासवर्ड आणि बॅकअप डिस्कची जागा कागदावर लिहून, लिफाफ्यात घालून, विश्वासाच्या माणसाकडे द्यावी लागते. पासवर्ड बदललात की लिफाफाही बदला.